परत ऐकायचं राहून गेलं

*ताई, मी 47 वर्षांची आहे. गाण्यावर माझा लहानपणापासून जीव. कॉलेजात असताना माझ्याकडे मोजून 34 कॅसेट होत्या आणि त्यांतलं प्रत्येक गाणं, मधल्या वाद्यांच्या तुकड्यांसकट, तोंडपाठ होतं. आज फोनवर हवं ते मिळतं. आवडीच्या यादीत 3,000 च्या वर गाणी साठली आहेत, पण त्यातली निम्मी कोणती हे विचारलं तर सांगता येणार नाही. परवा घरातले झोपल्यावर मुद्दाम हेडफोन लावून बसले. साडेदहा ते पावणेबारा. 18 गाणी लावली आणि एकही पूर्ण ऐकलं नाही. शेवटी फोन उपडा ठेवला आणि रडू आलं. गाणं माझ्यातून गेलं का? ॲप काढूनच टाकू का? आणखी एक. माझा मुलगा 17 वर्षांचा आहे. तो गाणी अर्धवट ऐकतो, नाहीतर व्हिडिओतला पंधरा सेकंदांचा तुकडाच ऐकत बसतो. काही बोलायला गेलं की कानात इयरफोन घालून खोलीत निघून जातो. या मुलांना संगीताची गोडी लागणार तरी कशी?*

प्रिय मैत्रीण,

ज्याच्यातून गाणं गेलं, तो माणूस गाण्यासाठी रडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांतपणे वाचाल.

तुमच्या पत्रातल्या आकड्यांपैकी माझ्या मनात राहिला तो 34. इतक्या वर्षांनी कॅसेटचा नेमका आकडा आठवतो, आणि आवडीच्या यादीचा मात्र ‘3,000 च्या वर’ असा अंदाज. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे असं मला वाटतं. पण त्याकडे येण्याआधी त्या रात्रीबद्दल बोलू.

सव्वा तासात 18 गाणी अर्धवट सोडली, याची तुम्हाला लाज वाटली आहे, पत्रातून ते कळतं. तशी वाटायचं कारण नाही. 2014 साली पॉल लामेर नावाच्या संगीत-तंत्रज्ञाने स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवरच्या श्रोत्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. चारांतलं जवळपास एक गाणं लोक पहिल्या पाच सेकंदांतच पुढे ढकलत होते आणि संपण्याआधीच सोडून दिलेली गाणी जवळजवळ निम्मी होती. म्हणजे तुम्ही जे केलंत ते जगभरचे अंगठे रोज करत असतात. गाणी करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. ह्यूबर्ट गोव्हँ या संशोधकाने अमेरिकेतल्या 1986 ते 2015 मधल्या सर्वाधिक लोकप्रिय गाण्यांची मोजणी केली, तेव्हा दिसलं की शब्द सुरू होण्याआधीचं वाद्यसंगीत पूर्वी सरासरी 20 सेकंदांहून जास्त असायचं, ते पाच सेकंदांवर आलं. ही घसरण तीस वर्षं चालू होती, त्यामुळे सगळं खापर ॲपवर फोडता येणार नाही. पण स्पॉटिफायवर 30 सेकंद वाजल्याशिवाय गाणं ‘ऐकलं’ म्हणून मोजलंच जात नाही म्हटल्यावर श्रोत्याला दारातच गाठायचं, असं गाणं करणाऱ्याला वाटणारच. आपण उतावळे झालो आणि गाणीही उतावळी झाली.

त्या रात्री तुमच्या हातून काय झालं असेल, याचा मी माझ्यावरून अंदाज करते. गाणं लागलं की मनाचा एक कोपरा लगेच विचारतो, हेच का? याहून बरं काही असेल का? पुढचं बटण अंगठ्याखालीच असतं. मग कान गाण्यात शिरतच नाही, दारात उभं राहून पारखत बसतो. तुम्ही 18 गाणी ऐकायला बसला नव्हताच, 18 गाण्यांच्या मुलाखती घेत बसला होता. मुलाखती घेऊन माणूस थकणारच.

आता त्या 34 कॅसेटकडे येऊ. त्या थोड्या होत्या म्हणून प्रिय होत्या, असं तुम्ही मनाशी धरलं आहे. थोडं असलं की किंमत कळते, हे आपण सगळेच म्हणतो. मला ते पुरेसं वाटत नाही. माझं म्हणणं असं आहे की त्या थोड्या होत्या म्हणून तुम्ही त्यांच्याकडे परत परत गेलात, आणि प्रेम जडलं ते त्या परत जाण्यातून.

माझ्याकडे एक कॅसेट होती, रेडिओवरून भरलेली. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच डब्यात, लाल बटण आणि प्लेचं बटण एकदम दाबायचं. एका गाण्याच्या वेळी मी दाबायला उशीर केला आणि पहिल्या ओळीतले पहिले दोन शब्द गेले. शेवटी निवेदिकेचं ‘आत्ता आपण ऐक’ एवढंच उरलं, तिथे मी बटण सोडलं होतं. पुढे कधीतरी टेप यंत्रात अडकून ओढली गेली. पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळून घेतली, वाचली. पण दुसऱ्या अंतऱ्यात एका जागी सूर किंचित हेलकावायला लागला. ते गाणं मी त्या अवस्थेत किती वेळा ऐकलं याला गणती नाही. आता तेच गाणं फोनवर स्वच्छ आणि अखंड मिळतं. ते पहिले दोन शब्द कानावर पडले की मी आजही दचकते. आणि दुसऱ्या अंतऱ्यातली ती जागा जवळ आली की अंग आपोआप सावध होतं. सूर सरळ निघून जातो, आणि जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं आत काहीतरी हुकतं. ती चूक गाण्यात कधी नव्हतीच. ती माझ्या ऐकण्यात होती, आणि ऐकून ऐकून ती माझ्यासाठी गाण्याचाच भाग झाली होती.

तुम्हालाही हे माहीत असणार. एक गाणं संपतं, दोन-तीन सेकंद नुसती खरखर असते, आणि पुढच्या गाण्याचा पहिला सूर यंत्रातून येण्याआधी डोक्यात वाजलेला असतो. मेंदूचे अभ्यासक योसेफ राउशेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली नेमकं हेच तपासलं. लोकांच्या पाठ असलेल्या सीडी लावल्या आणि दोन गाण्यांमधल्या शांततेत मेंदूत काय चालतं ते पाहिलं. शांततेत मेंदू कामाला लागलेला होता, पुढच्या गाण्याची तयारी करत होता. त्यानंतर 2011 साली माँट्रियलमध्ये व्हॅलोरी सालिमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांनी, ज्या गाण्यांनी अंगावर काटा येतो अशी आपापली गाणी लोकांना ऐकवून मेंदूतलं डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन मोजलं. गाण्यातल्या सर्वोच्च क्षणी ते स्रवतं, हे अपेक्षित होतं. पण त्या क्षणाच्या काही सेकंद आधी, तो येणार या नुसत्या चाहुलीनेही, मेंदूच्या दुसऱ्या एका भागात ते स्रवत होतं.

प्रयोगशाळेत जे 2011 साली दिसलं ते मैफिलीतल्या कानसेनांना आधीपासून ठाऊक होतं. सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येणार हे ज्याला कळतं त्याचीच मान समेवर डोलते. गवई समेला बगल देतो, लांबवतो, आता येणार म्हणताना पुन्हा वळसा घालतो, आणि तो सगळा वेळ ऐकणारा त्या एका मात्रेची वाट पाहत असतो. ज्याला सम कुठे आहे हेच माहीत नाही, त्याच्यासाठी वाट पाहण्यासारखं काही नसतं. त्याला आवाज गोड लागेल, पण ती ओढ लागणार नाही.

गाणं पहिल्यांदा ऐकताना आपण सगळे तसेच असतो, समेचा पत्ता नसलेले. दुसऱ्यांदा थोडं ओळखीचं वाटतं. चौथ्या-पाचव्या वेळी गाणं आपल्याला खुणावायला लागतं: आता ती हरकत येईल, आता बासरी, आता आवाज खाली उतरेल. तुमच्या 18 गाण्यांना तुम्ही ही संधी दिली नाहीत. आणि जी पूर्वी अनेकदा ऐकलेली असतील, तीही मधेच सोडलीत, म्हणजे त्या ओळखीच्या जागेपर्यंत पोहोचलातच नाहीत. आनंद मिळायचा तो पुढे तुमची वाट पाहत होता.

एक गंमतीचा इतिहास आहे. 1877 साली एडिसनने फोनोग्राफ केला, त्याआधी माणसाच्या इतिहासात गायलेला तोच सूर जसाच्या तसा दुसऱ्यांदा कुणी ऐकलेला नव्हता. परत ऐकायचं तर गाणाऱ्याने परत गायला हवं, आणि ते दर वेळी वेगळंच असणार. म्हणजे ध्वनिमुद्रणाने माणसाला जी नवी गोष्ट दिली ती ही: परत ऐकणं. सुरुवातीच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. त्यात ख्याल बसवणाऱ्या गवयांनी एकेक तान तासून ठेवली, आणि ऐकणाऱ्यांनी ती तान घासून घासून ऐकली. 1948 साली लाँगप्ले रेकॉर्ड आली, एका बाजूला वीसेक मिनिटं. 1963 साली कॅसेट, 1982 साली सीडी. 2001 साली आयपॉड खिशात 1,000 गाणी घेऊन आला, तेव्हा ते अचाट वाटलं होतं. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये ॲपल म्युझिकने जाहीर केलं की त्यांच्याकडे 10 कोटी गाणी झाली. एक गाणं तीन मिनिटांचं धरा आणि रात्रंदिवस न झोपता ऐका, सगळी एकदा ऐकायला 570 वर्षं लागतील. एकदाच, बरं का. परत ऐकायचं तर पुढचे जन्म घ्यावे लागतील.

म्हणजे ज्या शोधाने परत ऐकण्याची सोय दिली, त्याच्याच अथांग साठ्यात परत ऐकणं बुडालं. जवळ 34 कॅसेट असताना परत ऐकणं हा तुमचा गुण नव्हता, माझाही नव्हता. दुसरं काही नव्हतंच. पुढचं गाणं नको असेल तर फॉरवर्डचं बटण दाबून धरायचं, मधेच थांबवून बघायचं, पुन्हा दाबायचं. त्या खटाटोपापेक्षा नावडतं गाणं ऐकून घेणं सोपं. आणि पैसे मोजून आणलेली कॅसेट, त्यामुळे नावडत्या गाण्यालाही तीन-चार संधी मिळायच्या. तुमच्या त्या कॅसेटमध्ये अशी गाणी नक्की असतील जी पहिल्यांदा आवडलीच नव्हती आणि वर्षभराने सगळ्यांत लाडकी झाली. परिस्थिती आपल्याकडून अर्धं काम करून घेत होती आणि आपण समजत होतो ती आपली रसिकता. आता ते काम आपल्यालाच करावं लागणार आहे, एवढाच फरक पडला आहे. छोटा नाही, पण हाताबाहेरचाही नाही.

म्हणून ॲप काढू नका. मला टंचाईचं गुणगान करवत नाही. दुर्मीळ ध्वनिमुद्रणं कुणा संग्राहकाच्या कपाटात असायची आणि ज्याची तिथवर ओळख त्यालाच ऐकायला मिळायची, ते दिवस मला चांगले आठवतात. एक राग पाच जणांनी कसा गायला आहे हे एका संध्याकाळी एकापाठोपाठ ऐकणं, हे सुख पूर्वी फार थोड्यांच्या वाट्याला आलं. अर्धी ओळ आठवणारं लहानपणीचं एखादं गाणं तीस वर्षांनी सापडावं आणि त्याची उरलेली अर्धी ओळ पहिल्यांदा कळावी, हे माझ्या बाबतीत ॲपमुळे झालं. ज्यांच्या घरात एकही कॅसेट नव्हती अशा मुलांच्या हातात आज हा सगळा खजिना आहे. तो दरवाजा बंद करा असं मी कुणालाच सांगणार नाही.

आता प्रत्यक्षात काय करायचं. तुमच्या 34 पैकी एक कॅसेट निवडा, तोच अल्बम ॲपवर शोधा, डाउनलोड करा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. शफल बंद करा. हे मी आग्रहाने सांगते, कारण क्रम हा त्या पाठांतराचा कणा होता. गाणी उलटसुलट आली की पुढच्या गाण्याचा सूर आधी डोक्यात वाजणं बंद होतं. कलाकारांनाही क्रम मोलाचा वाटतो. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये अडेल या गायिकेने मागणी केली आणि स्पॉटिफायने अल्बमवर आपोआप शफल होणारं मुख्य बटण काढून टाकलं. अल्बम संपल्यावर ॲप आपल्या मनाने पुढचं काही लावतं, ती ऑटोप्लेची सोयही सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. अल्बम संपला की शांतता व्हायला हवी. जुन्या कॅसेटचं बटण खटकन वर यायचं ना, तशी. ती शांतता तुम्हाला आधी बोचेल. दोन मिनिटं बसून राहा. ऐकलेलं तिथेच मुरतं.

ओळखीच्या अल्बमपासून सुरुवात करायला सांगते आहे याचं कारण वर आलंच आहे: तिथे ओढ आधीपासून तयार आहे, तुम्हाला फक्त तिच्यापर्यंत पोहोचायचं आहे. एक-दोन आठवड्यांत कान भानावर आला की नवा अल्बम घ्या. एकच. महिनाभर तोच. पहिल्या ऐकण्यात तो आवडला नाही तर काही ठरवू नका. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा ऐकल्यावरच आवडला की नाही ते बोलायचं, हा नियम मी माझ्यापुरता काही वर्षांपासून पाळते आहे, आणि माझ्या आजच्या अगदी जवळच्या गाण्यांतली बरीचशी पहिल्या ऐकण्यात नापास झाली होती. हे सगळं करताना हातात फोन नको. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, म्हणजे पुढे ढकलण्यासाठी उठून जावं लागेल. फॉरवर्डच्या बटणाइतका खटाटोप मुद्दाम परत आणायचा. आणि सोबत गुणगुणा. ओठ हलले की गाणं दुप्पट वेगाने पाठ होतं, हा माझा अनुभव.

ती 3,000 ची यादी साफ करायला बसू नका. त्यात एक रविवार जाईल आणि हाती वैताग येईल. तिला माळा समजा, असू दे. शेजारी नवी छोटी यादी करा, 34 गाण्यांचीच करा हवं तर, आणि ती भरली की नवं गाणं आत घ्यायचं तर जुनं एक बाहेर काढायचं. बाहेर कोणाला काढू याचा विचार करताना तुम्ही प्रत्येक गाणं मनात एकदा वाजवून पाहाल. या यादीचा खरा उपयोग तोच आहे.

काम करताना मागे लावलेलं संगीत, प्रवासातलं, झोप लागावी म्हणून लावलेलं, त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. ते सोबतीसाठी असतं आणि सोबत चांगली असते. फक्त तेच ऐकणं आहे असं समजू नका.

या छोट्या यादीतलं जे अगदी जिवाभावाचं असेल ते विकत घेऊन ठेवा, फाइल असो वा सीडी. माझा एक लाडका अल्बम एका ॲपवरून एके सकाळी नाहीसा झाला. नाव होतं, गाणी करड्या रंगात दिसत होती, दाबलं तर काही होईना. हक्कांचा काहीतरी करार संपला होता म्हणे. ज्याची इतकी सवय झाली होती ते आपलं कधी नव्हतंच, हे त्या दिवशी कळलं आणि खूप लागलं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे तपासून पाहा. फक्त गाणंच अळणी लागतंय, की माणसं, वाचन, फिरणं, हसणं असं सगळंच? सगळंच फिकट वाटत असेल आणि ते आठवडे न् आठवडे टिकलं असेल, तर प्रश्न ॲपचा किंवा कानाचा नाही. मग डॉक्टरांशी बोला, आणि ते लवकर करा. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही, पण पत्रातून सगळं कळत नाही.

वयाचाही थोडा वाटा आहे. स्वतःच्या आयुष्यातल्या आठवणी काढायला सांगितल्या की पन्नाशीच्या पुढच्या माणसांना साधारण 10 ते 30 या वयातल्या सगळ्यांत जास्त आठवतात, हे मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. कॉलेजात ऐकलेल्या गाण्याला त्या वयाचं सगळं चिकटलेलं असतं: पहिलं प्रेम, परीक्षा, भांडणं. आज ऐकलेलं गाणं तितकं खोल जाईलच असं नाही. ते वेगळ्या तऱ्हेने जाईल. त्याची त्या गाण्यांशी तुलना करत बसलात तर ते कायम हरेल.

आता मुलगा.

जॉन फिलिप सूझा हे अमेरिकेतले फार मोठे बँडसंगीतकार. त्यांनी 1906 साली एक लेख लिहिला, यंत्रातल्या संगीताच्या धोक्यावर. ग्रामोफोन आला की घरोघरी लोक गाणं-वाजवणं सोडून देतील, आया बाळांसाठी गायच्या थांबतील, अशी त्यांची धास्ती. ज्या तबकड्या आज आपल्याला ऐकण्याच्या सुवर्णकाळाची खूण वाटतात त्यांच्याबद्दल हे लिहिलेलं आहे. सूझा सर्वस्वी चुकले असं मी म्हणणार नाही. घरात गाणारी माणसं कमी झाली, हे खरंच आहे. पण त्याच तबकड्यांतून पुढचे किती गाणारे तयार झाले, हे त्यांना तेव्हा दिसणं शक्य नव्हतं. तुमच्या मुलाकडे पाहताना तुम्हालाही सगळं दिसत असेल असं नाही.

तो पंधरा सेकंदांचा तुकडा ऐकतो, असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलं आहे. पण ‘ऐकत बसतो’ हा शब्दही तुम्हीच वापरला आहे. किती वेळा ऐकतो तो तोच तुकडा? तीस वेळा? पन्नास? म्हणजे मैत्रिणी, परत परत ऐकणं त्याच्याकडे अजून शिल्लक आहे. त्या तुकड्यातला श्वास, ठेका, शेवटचा झोका त्याला पाठ असणार. तुम्ही 3,000 गाण्यांत हरवला आहात, तो पंधरा सेकंदांत रुतून बसला आहे. तुमच्या 34 कॅसेटच्या जवळ तुम्हा दोघांपैकी कोण आहे ते तुम्हीच बघा. त्याला हवी आहे ती तुकड्याच्या अलीकडची आणि पलीकडची वाट. ‘हे पूर्ण गाणं ऐक’ म्हणून ती वाट सापडत नाही. ‘या तुकड्याआधी काय आहे रे?’ असं त्यालाच विचारलं तर कदाचित सापडेल. आणि विचाराल तेव्हा खरंच कुतूहल असू द्या, मुलांना परीक्षेचा वास लांबून येतो.

इयरफोनबद्दल एक गोष्ट सांगते, मला ती फार आवडते. 1979 साली सोनीने पहिला वॉकमन काढला तेव्हा कंपनीचे अकिओ मोरिता यांना काळजी पडली होती की एकट्यानेच कानाला लावून ऐकणं इतरांना उद्धट वाटेल. म्हणून त्या पहिल्या वॉकमनला हेडफोन लावायला दोन भोकं होती, दोघांना एकदम ऐकता यावं म्हणून. शिवाय एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की संगीत हळू व्हायचं आणि बारीकशा माइकमधून शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं. लोक एकेकटेच ऐकतात हे लवकरच लक्षात आलं आणि पुढच्या यंत्रांतून दुसरं भोक गेलं, ते बटणही गेलं.

तुमच्या मुलाच्या कानातल्या इयरफोनचे दोन भाग आहेत. एखाद्या दिवशी, तो खोलीत निघून जायच्या आत, एक तुमच्या कानासाठी मागा. त्याला म्हणा, तुझं एक गाणं लाव, तू निवडलेलं, आणि मग माझं एक. आधी त्याचं. पाच सेकंदांत तुमचा अंगठा शिवशिवेल, आवाज कर्कश वाटेल, शब्द कळणार नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच गाणं पुन्हा मागा. त्याला आश्चर्य वाटेल, वाटू दे. तिसऱ्या दिवशीही तेच. त्याचा चेहरा बघा, गाण्यातली त्याची लाडकी जागा जवळ आली की डोळे आधी सांगतील. मग तुमच्या कॅसेटमधलं एक लावा, ज्यात तुमचे डोळे तसेच सांगतात. त्याने मधेच पुढे ढकललं तर ढकलू दे.

त्याचं गाणं चालू असताना मात्र, ते संपेपर्यंत, एक अक्षर बोलू नका.

तुमची,
ताई